सवलतीचा पास: सवलत व्यक्तीला, कुटुंबाला नव्हे

बार्शी, मोहोळ, अक्कलकोट येथून अनेक विद्यार्थी शिक्षणासाठी एसटीने सोलापुरात येतात. मासिक पासावर त्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मात्र, ज्याचे नाव व छायाचित्र पासावर आहे, त्याच्यापुरतीच ही सवलत असते. भावाच्या पासावर प्रवास करणारा तरुण विनातिकीट प्रवासीच ठरतो. पास घरातला आहे किंवा भावाने स्वखुशीने दिला, ही सबब ग्राह्य धरली जात नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२४ नुसार बसप्रवाशाजवळ योग्य पास वा तिकीट असणे बंधनकारक आहे. ते नसल्यास कलम १७८ मध्ये ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

रेल्वे कायदा, १९८९ अधिक कठोर आहे. फसवणुकीच्या हेतूने योग्य पासाविना प्रवास केल्यास कलम १३७ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतरांना प्रवास करता यावा म्हणून स्वतःचा मासिक पास देणाराही सुटत नाही. कलम १४२ अन्वये त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

तपासनीसापुढे पासधारक असल्याची बतावणी केल्यास प्रकरण तोतयेगिरीपर्यंत जाऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वाचणारे भाडे थोडे असले, तरी गुन्ह्याची नोंद सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आड येऊ शकते.