काशीबाईला अंदमान, आणि शास्त्री?

झुडपात, नाल्याकडेला अर्भक सापडल्याची बातमी टाकली की तासाभरात खाली कमेंट सुरू. 'कसली आई ही, फाशीच द्या.' आमचं टाकवे असो, वडगाव असो की तळेगाव, शब्द तेच. बाप कोण हे विचारणारा क्वचित एखादा. म्हणून आज पुण्यातल्या एका जुन्या खटल्याबद्दल लिहितोय.

काशीबाई. तरुण ब्राह्मण विधवा, जोतीराव फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं, दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय झाले, साधले नाहीत. मूल जन्मलं तेव्हा अब्रूच्या भीतीनं तिनं ते मारून विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप झाली, अंदमानला धाडलं. शास्त्री? त्याच्यावर खटला चालल्याचा शब्दही फुल्यांच्या टिपणात नाही.

१८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला होता बरं का. पण कागदावर. घरात मात्र केशवपन आणि कोपऱ्यातलं ताट.

जोतीराव-सावित्रीबाईंनी काय केलं? स्वतःच्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. साल साधारण १८६३ सांगतात. ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील पत्रकं चिकटवली: गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर इथं ठेवा. त्या काळात ही पत्रकं चिकटवणं म्हणजे काय, विचार करा.

४ डिसेंबर १८८४ च्या टिपणात फुले हिशोब देतात. ३५ गरोदर विधवा आल्या, मुलं जगली फक्त ५. बाकीची ३० का गेली? आईनं गरोदरपण लपवायला आधीच घेतलेल्या विषारी औषधांमुळे, असं ते लिहितात. म्हणजे दार उघडं होतं, पण बाया पोहोचेपर्यंत उशीर झालेला. इथंच आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

पंढरपुरातही १८७५ साली असंच गृह निघालं. आणि १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच गुन्ह्यात फाशी सुनावली, अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रं बायकांच्या चारित्र्यावर तुटून पडली. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं.

आता आपल्याकडे या. भाड्याच्या खोलीत राहून कंपनीत जाणारी पोरगी, आश्रमशाळेतली पोरगी, नवरा परगावी असलेली बाई. भीती तीच, आणि दुकानातून चोरून आणलेल्या गोळ्याही तशाच.

मूल टाकून देणं आजही गुन्हा आहे. पण मूल सांभाळणं शक्य नसेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बालकल्याण समितीकडे सोपवता येतं, त्यासाठी आईला तुरुंगात जावं लागत नाही. विचार बदलायला ६० दिवस मिळतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला: अविवाहितेलाही हक्क आहे, काही परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत, आणि तिचं नाव डॉक्टरनं गुप्त ठेवायचं असतं.

फुल्यांची पत्रकं भिंतीवर होती. ही माहिती आपल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, कंपन्यांच्या गेटवर, मुलींच्या शाळेत मला तरी दिसलेली नाही. सरपंच, आशाताई, कंपनीवाले वाचत असाल तर एवढं लावा: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.