देसाईगंजची चौकी आणि पोलिसांवरचा पहारा

मंडळाच्या स्मरणिकेत पोलिसांचा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. परंतु पोलिसांच्या वर्तनाला आपल्या देशात जे निर्बंध आले, त्यांतील एक मोठा निर्बंध स्त्रियांच्या खटपटीमुळे आला; आणि त्याचा उगम आपल्याच विदर्भात आहे.

१९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याप्रमाणे शिपाई चुकला तर त्याला निलंबित करणे, खाली उतरवणे वा काढून टाकणे हे काम त्याच्याच वरिष्ठांचे. घरच्या भांडणाचा निवाडा घरातच, असा तो प्रकार!

२६ मार्च १९७२ रोजी रात्री देसाईगंजच्या चौकीत (त्या काळी जिल्हा चंद्रपूर) एक आदिवासी मजूर मुलगी भावाच्या तक्रारीवरून आणली गेली. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला आत ठेवून घेतले. पुढे दोन पोलिसांवर खटला भरला. सत्र न्यायालयाने १९७४ साली त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती! वर्दीतल्या माणसापुढे, बंद दाराआड, ती पोर ओरडणार कशी, याचा विचार झाला नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. स्त्रीला चौकशीसाठी चौकीवर बोलावू नये, हा नियम त्याच न्यायालयाने १९७८ सालीच नंदिनी सत्पथी या माजी मुख्यमंत्र्यांच्या खटल्यात ठासून सांगितला होता. मजूर मुलीच्या वेळी त्याची आठवण कशी झाली नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या.

१९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराला किमान १० वर्षे शिक्षा आली. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्री ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसेच धरून चालावे, असेही ठरले. मुलीचे नाव छापण्यास बंदी आली, म्हणून येथेही ते दिलेले नाही. त्या दोघा पोलिसांना मात्र या कायद्याची झळ लागली नाही. तो मागे जाऊन लागू होत नाही.

खात्याबाहेरचा पहारा यायला आणखी बराच काळ गेला. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यात व प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ साली तसा कायदा केला खरा, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला एक प्राधिकरण ठेवले. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. त्याचा विभाग नागपूर.