जुन्या सायकलींचा संग्रह व जीर्णोद्धार

वापरातून गेलेल्या सायकली शोधून काढणे, त्यांचे सुटे भाग जुळवून त्या पुन्हा चालत्या करणे आणि त्यांच्याशी निगडित कागदपत्रे व आठवणी जपून ठेवणे यांचा समावेश असलेला एक छंद. कालांतराने त्यास तांत्रिक व सामाजिक इतिहासाच्या अभ्यासविषयाचेही स्वरूप आले आहे. इंग्लंडमध्ये १९५५ साली जुन्या सायकलींचे संग्राहक व चालक यांचा क्लब स्थापन झाला. अशा संग्राहकांचे लक्ष प्रथम एकोणिसाव्या शतकातील, पुढचे चाक अतिशय मोठे असलेल्या सायकलींवर होते. पुढील पिढीतील संग्राहक मात्र स्वतःच्या बालपणीच्या सायकलींकडे वळले. अमेरिकेतील श्विन कंपनीची स्टिंग-रे (१९६३) आणि ब्रिटनमधील रॅले कंपनीची चॉपर (१९७०) या उंच हँडलाच्या व लांबट बैठकीच्या मुलांच्या सायकली आज तेथील प्रौढ माणसे हौसेने विकत घेतात. या ओढीमुळेच रॅलेने २०२३ मध्ये चॉपरची नवी आवृत्ती बाजारात आणली.

महाराष्ट्रात हा छंद जसाच्या तसा लागू पडत नाही. येथील ग्रामीण भागातील बहुसंख्य मुलांच्या बालपणीची सायकल ही मुलांची सायकल नव्हतीच. ती वडिलांची, चुलत्यांची किंवा भाड्याने आणलेली पूर्ण मापाची काळी सायकल होती. बालपणीच्या सायकली म्हणून केवळ लहान मापाच्या सायकली जमविणारा संग्राहक काही थोड्या शहरी, सुखवस्तू कुटुंबांचे बालपण जतन करतो. हा भेद संग्रहाच्या दृष्टीने मूलभूत आहे.

मराठी मुलखात सायकलीचा प्रवेश बराच लवकर झाला. जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये सारख्या मापाच्या दोन चाकांची, साखळीने चालणारी रोव्हर सायकल तयार केली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. याच १८८८ सालापासून किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा आरंभ धरला जातो आणि तो झाला बेळगावातील सायकलींच्या दुकानाने. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत व त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्यांची विक्री करीत. पुढे शेतीची अवजारे व १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी यांमुळे या घराण्याचा लौकिक झाला आणि सायकलींचे दुकान चरित्रातील एका ओळीपुरते उरले. वस्तुतः दक्षिण महाराष्ट्रातील यंत्रविद्येच्या इतिहासात या दुकानाचे स्थान त्याहून मोठे आहे.

स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स, रज या ब्रिटिश बनावटीच्या सायकलीच प्रामुख्याने वापरात होत्या. मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना निघाला होता. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले व देशी उत्पादन झपाट्याने वाढले. मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स, आसनसोल येथे सेन-रॅले, सोनपत येथे ॲटलस (१९५१) आणि लुधियाना येथे हीरो (१९५६) हे कारखाने उभे राहिले. यांपैकी हिंद सायकल्स व सेन-रॅले या आजारी कंपन्यांचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. खुद्द रॅलेने नॉटिंगहॅम येथील उत्पादन २००२ मध्ये थांबविले. म्हणजे ज्या नावांच्या सायकली आज जमविल्या जातात, त्यांपैकी अनेकांचे मूळ कारखाने उरलेले नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री हे गाव या विषयाच्या दृष्टीने प्रातिनिधिक मानण्यास हरकत नाही. कोल्हापूर–गारगोटी मार्गावरील हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. साखर कारखान्यातील पाळ्या, ऊसशेती, दुधाचा जोडधंदा आणि परगावची शाळा या चारही गोष्टी या टापूत सायकलीशी जोडलेल्या होत्या. गारगोटी येथे जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये मौनी विद्यापीठाची स्थापना झाली व परिसरातील खेड्यांतील मुलांना माध्यमिक आणि पुढील शिक्षणाची सोय जवळ आली. जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाल्यानंतर सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत दूध घालणे हा घरोघरचा नेम बनला. सायकलीच्या हँडलाला अडकविलेली दुधाची किटली हे दृश्य त्यातूनच रूढ झाले. अशा घरात सायकल एकच असे आणि ती कामाची असे. मुलाच्या हाती ती पडे ती कर्त्या माणसाची पाळी संपल्यानंतर किंवा एखादे काम सांगितले तरच. दळण आणण्यास मुले आनंदाने तयार होत, यामागे हे एक कारण होते.

या सायकलीची चाके २८ इंची (सु. ७१ सेंमी.) व सांगाडा २२ किंवा २४ इंची असे. आठ-दहा वर्षांच्या मुलास बैठकीवर बसून पायडलापर्यंत पाय पोचविणे शक्य नसे. त्यावर मुलांनी जी युक्ती काढली ती सर्व भारतभर आढळते. डावा पाय डाव्या पायडलावर ठेवून उजवा पाय आडव्या दांडीखालून, सांगाड्याच्या त्रिकोणातून पलीकडे घालावयाचा. डाव्या हाताने हँडल धरावयाचे आणि उजव्या हाताने बैठकीला किंवा दांडीला विळखा घालावयाचा. शरीर एका बाजूस व सायकल दुसऱ्या बाजूस कलल्याने तोल साधला जाई. पायडल पूर्ण फिरविणे नवशिक्यास जमत नसे. तो ते अर्धे खाली दाबून पुन्हा मागे आणी. मागील चाकावरील फ्री-व्हीलमुळे हे शक्य होई, कारण पायडल उलटे फिरविले तरी चाकाची पुढील गती थांबत नाही. यालाच ‘हाफ पायडल’ म्हणत. त्यानंतर दांडीवरून पाय टाकणे आणि सर्वांत शेवटी बैठकीवर बसणे, अशा शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. दांडीवर बसता येणे हा मुलांच्या जगात एक दर्जा होता. मुलींना ही संधी फार उशिरा व फार थोड्या प्रमाणात मिळाली. मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना राज्य शासनाकडून सायकली दिल्या जाऊ लागल्या, त्या तर एकविसाव्या शतकात.

बाजारपेठेच्या गावी तासाच्या हिशोबाने सायकली भाड्याने देणारी दुकाने असत. तेथे मोठ्या सायकलींबरोबर एक-दोन लहान सायकलीही ठेवलेल्या असत व सुटीच्या दिवशी त्यांसाठी मुलांची रांग लागे. मडगार्डवर रंगविलेला दुकानाचा क्रमांक, वेळेची नोंद करणारी वही आणि परत आल्यावर चाके व पायडले तपासणारा दुकानदार या गोष्टी त्या पिढीच्या आठवणीत पक्क्या आहेत. याच काळात गावोगाव येणारे सायकलपटू एखाद्या मैदानात कित्येक दिवस सायकलीवरून न उतरण्याचे प्रयोग करीत. ज्यांच्या घरी सायकलच नव्हती अशी मुले जुना टायर काठीने पळवीत. संग्राहकाने असा एखादा टायर आणि ती काठीही ठेवावयास हवी. पण झिजलेल्या टायरला कोणी किंमत देत नाही.

जुनी सायकल हाती आल्यावर पहिले काम ओळख पटविण्याचे. पुढील नळीवरचा पितळी बिल्ला बहुधा गळून पडलेला असतो. मात्र साखळीच्या पुढील चक्रातील नक्षी टिकून राहते. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी, बीएसएच्या चक्रात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृती व रजच्या चक्रात हाताचा पंजा असे. स्टर्मी-आर्चर बनावटीचा तीन गतींचा हब असल्यास त्यावर कोरलेल्या आकड्यांवरून बहुधा हबाच्या निर्मितीचे साल कळते. सायकलीचे साल तेच असेल असे मात्र नाही, कारण चाके बदलली जातात. पांढरा मुलामा किंचित पिवळसर असेल तर तो निकेलचा, निळसर झाक असेल तर क्रोमियमचा. क्रोमियमचा वापर १९३० च्या सुमारास रूढ झाला. एकच काळजी घ्यावी लागते : नाव ब्रिटिश म्हणून सायकल ब्रिटिश ठरत नाही. हर्क्युलस, बीएसए आणि रॅले ही तिन्ही नावे भारतातही निघाली.

जीर्णोद्धाराचा क्रम साधारणतः ठरलेला आहे. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात. गंजलेले आटे रॉकेल किंवा पातळ तेलात भिजवून सैल करतात. पायडलाच्या दांड्यातील कॉटर सर्वांत अधिक त्रास देतो. खालून आधार न देता त्यावर हातोडी मारल्यास तो वाकतो व छर्ऱ्यांच्या वाट्यांनाही इजा होते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे न जाणणाऱ्याच्या हातून दांडा खराब होतो. मूळ रंग पाहावयाचा असेल तर बिल्ल्याखालील किंवा बैठकीच्या पट्ट्याखालील भाग पाहावा. ऊन तेथे पोचलेले नसते. नळ्यांवरील सोनेरी रेघा कारखान्यात हाताने ओढीत व आजही त्या बारीक कुंचल्यानेच ओढाव्या लागतात. सुट्या भागांच्या बाबतीत भारतीय संग्राहक यूरोपातील संग्राहकापेक्षा सुदैवी आहे. सळ्यांचे ब्रेक, २८ x १½ मापाचे टायर, चामडी बैठक हे सर्व भाग येथे अनेक दशके फारसा फरक न होता बनत राहिले. एखादा भाग न मिळाल्यास कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वसाहतीत तो लेथवर करून घेता येतो. मुलांच्या लहान सायकलींना मात्र ही सोय नाही. त्यांच्या चाकांची मापे वारंवार बदलली आणि त्या एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊन अखेर भंगारात गेल्या.

जीर्णोद्धार कोठे थांबवावा, हा या विषयातील खरा वादाचा प्रश्न होय. वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत, जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असे तत्त्व मांडलेले आहे. सायकलींच्या बाबतीत ते क्वचितच पाळले जाते. बहुतेक संग्राहक सायकल घासून, रंगवून, मुलामा देऊन दुकानात नुकतीच आलेली वाटेल अशी करतात. ती डोळ्यांना सुखावते, यात शंका नाही. परंतु दुधाच्या किटलीने हँडलाला पडलेला चर, मुलाच्या हाताच्या विळख्याने रंग उडालेली दांडी, दांडीवर बसविलेली चिमुकली बैठक, लोहाराकडून डाग देऊन जोडलेला चिमटा या खुणा एकदा पुसल्या की ती सायकल कोणाची होती हे सांगणारे काहीच तिच्यावर उरत नाही. कारखान्यातील नमुना विवरणपुस्तिकेवरून पुन्हा उभा करता येतो. झीज पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून गंज थांबविणे, छर्रे व टायर बदलून सायकल चालती ठेवणे आणि रंगाला हात न लावणे हा मार्ग अधिक योग्य दिसतो. अपवाद करावयाचा तो भाड्याच्या सायकलींचा. दुकानदार त्या स्वतःच वरचेवर रंगवीत असत, त्यामुळे रंगाचे थर हाच त्यांचा इतिहास असतो व तोही खरवडू नये.

घरगुती वस्तू जमविण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. दिवे, अडकित्ते, भांडी यांसारख्या नित्याच्या वस्तूंतून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच पुण्यात, कर्वेनगर भागात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले खाजगी सायकल संग्रहालय २०१७ मध्ये लोकांना खुले झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बीएसएची घडीची सायकल हे तेथील एक विशेष आकर्षण आहे. सायकलींबरोबर दिवे, पंप, कुलुपे अशी सामग्रीही तेथे पाहावयास मिळते. नगरपालिकेचा सायकल-कर भरल्याची खूण म्हणून मिळणारे धातूचे बिल्लेही अनेक जण स्वतंत्रपणे जमवितात; त्यांवर गावाचे नाव व वर्ष असल्याने कालनिश्चितीस ते उपयोगी पडतात.

खेड्यातील सायकलीस असा बिल्ला बहुधा नसतो. खरेदीची पावतीही क्वचितच सापडते. तिच्याविषयीची माहिती माणसांच्याच तोंडून मिळवावी लागते : ती कोणत्या साली, कोणत्या पिकाच्या पैशांतून घेतली, घरातील कोण कोण तिच्यावर शिकले, ती कोणत्या शाळेच्या वाटेवर चालली. बिद्री व आसपासच्या गावांत अशा सायकली आजही माळ्यावर, गोठ्याच्या भिंतीला टेकून किंवा वैरणीचा भारा वाहताना आढळतात. त्यांवर शिकलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. सायकलीच्या आधी ही माहिती लिहून घेणे निकडीचे आहे. लोखंड आणखी काही वर्षे थांबू शकते.