तहानंतरची दोन वर्षे

युद्ध कसे पेटले हे इतिहासग्रंथ सविस्तर सांगतात; ते थांबल्यावर शांतता कशी टिकवली गेली, याला मात्र त्यांत दोन ओळी पुरतात. म्हणून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकची कथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. १७५२ पर्यंत तेथील पोर्तुगीज कारभार गोव्याहून चालत असे. त्यामुळे हा देश आपल्याला अगदीच परका नव्हे.

१९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाले आणि दोनच वर्षांत तेथे यादवी भडकली. सत्तेवर फ्रेलिमो हा मार्क्सवादी पक्ष होता. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या रेनामो संघटनेला आधी ऱ्होडेशियाचे आणि पुढे दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीचे पाठबळ मिळाले. युद्ध आणि उपासमार यांत मिळून सुमारे दहा लाख माणसे दगावली. पंधरा लाखांहून अधिक लोक शेजारच्या देशांत परागंदा झाले.

जुलै १९९० मध्ये उभय पक्ष रोममध्ये वाटाघाटीस बसले, ते संत एजिदियो या कॅथलिक प्रापंचिकांच्या संघटनेच्या जुन्या मठात. मध्यस्थ चौघे होते: संघटनेचे आंद्रेया रिकार्दी व फादर मात्तेओ झुप्पी, बैराचे महागुरुस्वामी जायमे गोन्साल्विस आणि इटली सरकारतर्फे मारिओ राफाएल्ली. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते. संयम मात्र होता. सत्तावीस महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो व रेनामोचे आफोन्सो ध्लाकामा यांनी करारावर सह्या केल्या.

खरी कसोटी पुढेच होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अंगोलात सैन्ये पुरती बरखास्त न करताच निवडणूक घेतली गेली. हरलेल्या साविम्बींनी निकाल नाकारला आणि २००२ पर्यंत तेथे रक्त सांडत राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाने यावरून धडा घेतला. डिसेंबर १९९२ मध्ये त्याने मोझांबिकसाठी शांतिसेना मंजूर केली. तिच्यात भारतीय जवानही होते. मोहिमेचे प्रमुख आल्दो आयेल्लो होते. वर्षभरात व्हावयाची निवडणूक लांबली, पण आधी बंदुका खाली आल्या. एकोणपन्नास छावण्यांत दोन्ही बाजूंचे सैनिक गोळा झाले आणि पाऊण लाखाहून अधिक जणांना घरी धाडण्यात आले. त्यांना पुढील दोन वर्षे निर्वाहभत्ता मिळाला. बंडखोरांना राजकीय पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी वेगळा निधी उभारला गेला. ऑक्टोबर १९९४ मध्ये लोकांनी मतदान केले. शिसानो विजयी झाले. मात्र २५० पैकी ११२ जागा रेनामोला मिळाल्या आणि पराभूत पक्ष रानात न जाता संसदेत बसला.

पुढे काही शस्त्रे दडूनच राहिली आणि रेनामोच्या लढवय्यांना सरकारी दलांत सामावून घेण्याचे काम अर्धवट राहिले. त्याची किंमत देशाला मोजावी लागली: २०१३ मध्ये पुन्हा चकमकी उडाल्या. २०१९ मध्ये नवा करार झाला आणि रेनामोचा अखेरचा तळ २०२३ मध्ये बंद झाला. उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात २०१७ पासून सुरू झालेला हिंसाचार हे तर निराळेच दुखणे.

मोझांबिक आपल्याला एवढे शिकवते की, तहावरील सहीने तोफा थांबतात. परंतु शांतता टिकते ती बंदूक टाकणाऱ्याला भाकर आणि हरणाऱ्याला मान मिळाला तरच. शांतीसाठी प्रार्थना करताना या दोन गोष्टींचा आपल्याला विसर पडू नये.