वादळ गेलं, मेसेज आला

वादळ येऊन गेलं की घरातली वीज परत यायच्या आधी विमा कंपन्यांचे मेसेज येतात. 'आपलं घर सुरक्षित आहे ना?' अरे बाबा, हे आधी विचारायचं! पण इतिहास चाळला तर विमा पहिल्यापासून संकटाच्या मागोमागच चालत आलाय.

१६६६ च्या आगीत लंडनमधली १३,००० च्या वर घरं जळाली. मग तिथे नवी घरं बांधणाऱ्या निकोलस बार्बोनने १६८० च्या सुमारास आगीचा विमा विकायला घेतला. अमेरिकेत १९६५ साली 'बेट्सी' वादळाने न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग बुडवला. खाजगी कंपन्या पुराची जोखीम घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून १९६८ साली सरकारने स्वतः पूरविमा आणला.

खरी गंमत (त्या लोकांसाठी अजिबात गंमत नाही) २००५ सालची. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, ते आपल्याला पाठ आहे. महिन्याभराने, २९ ऑगस्टला, तिकडे 'कतरिना' आलं. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कित्येक घरांचा फक्त चौथरा उरला. तिथल्या घरविम्यात वाऱ्याचं नुकसान धरतात, पुराचं नाही. मग घर वाऱ्याने पाडलं की समुद्राने नेलं? पुरावा म्हणजे घरच, आणि तेच वाहून गेलेलं! राज्याचे ॲटर्नी जनरल जिम हूड कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले. खुद्द सिनेटर ट्रेंट लॉट यांनाही आपल्या घरासाठी दावा लावावा लागला.

आपल्याकडे घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वादळ आणि पूर एकाच कलमात येतात, तेवढं बरं. पण गाडीचं बघा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट केली आणि इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत तो क्लेम बहुतेकदा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. हे त्या मेसेजमध्ये नसतं.

मग ते मेसेज वादळानंतरच का? जस्टिन गॅलाघर या अर्थतज्ज्ञाने २०१४ साली अमेरिकेतल्या पूरविम्याच्या नोंदी तपासल्या. पुरानंतरच्या वर्षी विमा घेणारे साधारण ९ टक्क्यांनी वाढतात, आणि मग काही वर्षांत आकडा पुन्हा होता तिथे येतो. भीती ओली असते तोवरच विक्री! आणि नवीन पॉलिसी झालेलं नुकसान भरून देत नाही. अमेरिकेतल्या त्या सरकारी पूरविम्याला तर सहसा ३० दिवस थांबावं लागतं.

मेसेज नको असतील तर १९०९ ची सोय आहेच. ट्रायच्या यादीत बँक-विमा हा पहिल्याच क्रमांकाचा प्रकार आहे, यावरून काय ते समजा. तो जरूर बंद करा. पण मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी, आकाश कोरडं असताना, स्वतःची पॉलिसी काढून 'काय भरून मिळणार नाही' ते पान तेवढं वाचा. पाच पानं वाचायचा कंटाळा मलाही येतो, पण मिसिसिपीतल्या लोकांचं सगळं भांडण त्याच पानावरून झालं होतं.