तिसरं सर्टिफिकेट

श्वानप्रदर्शनांच्या इतिहासातलं न्यूकॅसलचं १८५९ सालचं प्रदर्शन मला फार गमतीचं वाटतं. ६० शिकारी कुत्रे, सगळे पॉइंटर आणि सेटर, बक्षीस बंदुकीचं. पॉइंटरच्या एका परीक्षकाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला आला, तर सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटरमध्ये! लोक कुजबुजणार नाहीत तर काय करतील?

पुढे १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. ब्रिटनमध्ये कुत्र्याच्या नावाआधी 'चॅम्पियन' लागण्याची रूढ वाट म्हणजे तीन चॅलेंज सर्टिफिकेटं. तीही तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून, आणि त्यातलं एक तरी कुत्रा वर्षाचा झाल्यावर मिळालेलं. एका प्रदर्शनात प्रत्येक जातीच्या नराला एक आणि मादीला एक, एवढीच ती असतात. कुत्रा तोलामोलाचा वाटला नाही, तर परीक्षक तेही देत नाही. खरी मेख निराळीच आहे. आधीचे चॅम्पियनही त्याच रिंगणात उतरतात. म्हणून दोन सर्टिफिकेटं मिळवलेला देखणा कुत्रा तिसऱ्यापाशी जन्मभर अडकू शकतो.

अमेरिकेत १५ गुण लागतात, पण झालेले चॅम्पियन सहसा वेगळे खेळतात. मला ब्रिटिशांची रीत निष्ठुर, तरी जास्त खरी वाटते. शिकारी जातींना तर तीन सर्टिफिकेटांवर नुसतं 'शो चॅम्पियन' म्हणतात. पूर्ण पदवी हवी, तर रानात उतरून शिकारीचं काम करून दाखवावं लागतं.