हानले वेधशाळेच्या दुर्बिणी

हानले वेधशाळेच्या दुर्बिणी : लडाखच्या आग्नेय भागात, लेहपासून सुमारे २५० किमी. अंतरावर, चांगथांग पठारावरील हानले गावाजवळ असलेल्या भारतीय खगोलीय वेधशाळेतील संशोधन-दुर्बिणी. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था ही वेधशाळा चालवते. मुख्य दुर्बीण दिग्पा-रात्सा री ऊर्फ सरस्वती पर्वताच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मी. उंचीवर आहे.

दक्षिणेत कोडईकनाल आणि कावलूर येथे वेधशाळा असतानाही खगोलभौतिकी संस्थेने १९९०च्या दशकात हिमालयापलीकडची जागा शोधली, याला ठोस कारणे होती. हवेतील बाष्प अवरक्त किरण शोषून घेते, त्यामुळे त्या किरणांत काम करायचे तर कोरडे आणि उंच ठिकाण लागते. हानलेला वर्षभरात १० सेंमी.पेक्षाही कमी पर्जन्य होते, कारण पावसाळी ढगांचे बहुतेक पाणी हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होते. पुणे जिल्ह्यातील गिरवलीची, आयुका या खगोलसंशोधन संस्थेची २ मी. दुर्बीण पावसाळ्यात मिटून ठेवावी लागते; हानलेत त्या महिन्यांतही पुष्कळ रात्री वेध घेता येतात. रेखांशाचाही फायदा आहे. हानले सुमारे ७९° पूर्व रेखांशावर, म्हणजे कॅनरी बेटांतल्या आणि पूर्व ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या वेधशाळांच्या मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात येते. गॅमा-किरणांच्या स्फोटानंतरचा काही तासांत विझणारा प्रकाश या दोन्ही ठिकाणी पुरेसा अंधार नसताना दिसला, तर त्याचा माग काढण्याची जबाबदारी इथल्या दुर्बिणींवर येते.

हिमालयन चंद्र दुर्बीण ही येथील पहिली आणि आजही सर्वाधिक उपयोगाची दुर्बीण. खगोलभौतिकीविज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. अमेरिकेतील टक्सन येथे बनवलेल्या या दुर्बिणीने सप्टेंबर २००० मध्ये पहिला वेध घेतला. तिच्या मुख्य आरशाचा व्यास २.०१ मी. आहे. तापमान बदलले तरी जवळजवळ न प्रसरणाऱ्या पदार्थाचा तो आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली २५ अंशांपर्यंत उतरणाऱ्या ठिकाणी हा गुण अत्यावश्यक ठरतो. आरसा याहून मोठा असलेली दुर्बीण देशात तेव्हाही होती (कावलूरची वेणू बाप्पू दुर्बीण, २.३४ मी.), पण कोरड्या, निरभ्र आकाशाची जोड चंद्र दुर्बिणीला मिळाली.

ही दुर्बीण दूरवरून चालवण्याचा निर्णय तिच्या आरशाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. तिथे रात्रभर जागून बिनचूक काम करणे सवय नसलेल्या माणसाला फार कठीण जाते. म्हणून बंगळूरजवळील होसकोटे येथील केंद्रातून उपग्रहाच्या दुव्याने दुर्बीण फिरवली जाते आणि वेध तिथेच उतरवून घेतले जातात. संशोधक कर्नाटकात आणि आरसा लडाखमध्ये, अशी ही व्यवस्था २००१पासून आहे. अर्थात डोंगरावर माणसे लागतातच. बर्फ हटवणे, वीजपुरवठा राखणे, प्रकाशग्राहक थंड ठेवण्यासाठी द्रवरूप नायट्रोजन भरणे ही कामे हानलेतील अभियंते आणि कर्मचारी बारमाही करतात. शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख आभारांच्या एका ओळीत उरकतो. त्यांचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा आहे.

दुर्बिणीला जोडलेल्या उपकरणांपैकी एक मंद ज्योतींची छायाचित्रे आणि वर्णपट दोन्ही घेते, दुसरे ताऱ्यांचे वर्णपट अतिशय सूक्ष्मपणे उलगडते. तिसरे, अवरक्त किरणांसाठीचे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केले असून ते २०१३मध्ये बसवण्यात आले. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा पाठपुरावा हे या दुर्बिणीचे खास क्षेत्र. २०१४ साली एम-८२ दीर्घिकेत दिसलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचे वेध तिने घेतले होते.

ग्रोथ-इंडिया ही ०.७ मी. व्यासाची दुर्बीण खगोलभौतिकी संस्था आणि पवईच्या आयआयटी मुंबईने मिळून उभारली. २०१८पासून ती कामात आहे. कोणत्या वस्तूचा वेध कधी घ्यायचा याचे वेळापत्रक पाळत ती रात्रभर आपोआप चालते. गुरुत्वीय लहरींची वर्दी मिळताच त्यांच्या उगमाशी प्रकाश दिसतो का हे पाहणे, हे तिचे एक काम. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा सुरू झाली की या कामाला आणखी महत्त्व येईल.

गॅमा किरणांच्या दुर्बिणी वेगळ्या तत्त्वावर चालतात. अतिऊर्जावान गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचत नाही. वातावरणात शिरताच त्यातून विद्युत्‌भारित कणांची सर कोसळते. हे कण हवेतील प्रकाशवेगापेक्षा वेगाने धावतात आणि चेरेन्कॉव्ह प्रारण म्हणून ओळखली जाणारी निळसर चमक उमटते. ती सेकंदाच्या काही अब्जांश एवढाच काळ टिकते. उंचावर ही चमक अधिक दाट मिळते, त्यामुळे कमी ऊर्जेचे किरणही पकडता येतात. टाटा संस्थेने याआधी मध्य प्रदेशातील पचमढीला असाच संच उभारला होता. तीच पद्धत चौपट उंचीवर नेऊन खगोलभौतिकी संस्थेसह हगार हा सात दुर्बिणींचा संच २००८मध्ये हानलेत सुरू झाला. चमक प्रत्येक दुर्बिणीपाशी किती क्षणांच्या फरकाने पोचली, यावरून किरणाची दिशा ठरवली जाते.

मेस ही मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची दुर्बीण. सुमारे ४,२७० मी. उंचीवर असलेल्या या दुर्बिणीचा परावर्तक २१ मी. व्यासाचा असून तो ३५६ फलकांनी बनला आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिचे उद्‌घाटन झाले. आपल्या प्रकारातील ती आशियातील सर्वांत मोठी आणि जगातील सर्वाधिक उंचीवरची दुर्बीण आहे. हगार वेळेचे हिशेब मांडते, तर मेस सरीची प्रतिमाच टिपते आणि तिच्या आकारावरून गॅमा किरणांची सर इतर वैश्विक किरणांच्या सरींपासून वेगळी काढते.

आकाश काळेभोर राहिले तरच या साऱ्या दुर्बिणींचा उपयोग. त्यासाठी लडाख प्रशासनाने डिसेंबर २०२२मध्ये परिसरातील १,०७३ चौ. किमी. क्षेत्र अंधाररक्षित आकाशक्षेत्र म्हणून अधिसूचित केले. तिथे बाहेरचे दिवे झाकलेले ठेवावे लागतात आणि वाहनांच्या झगझगीत दिव्यांवर मर्यादा आहे. वस्त्यांतील काही रहिवाशांना, विशेषतः स्त्रियांना, छोट्या दुर्बिणी आणि प्रशिक्षण दिले असून पर्यटकांना आकाश दाखवणे हे त्यांचे उपजीविकेचे साधन झाले आहे.